तेरा आणि त्रेपन्न

मूर्तिजापूर तालुक्यात आमच्या मामूंच्या शेतात निंबाखाली तीन चाकांचं एक यंत्र उभं असतं. समोरून पाहिलं तर शंभर सीसीची जुनी मोटारसायकल, मागून पाहिलं तर डवरा. परदेशातल्या शेतांवर रुंद टायरच्या ज्या दणकट गाड्या फिरतात त्यांना एटीव्ही म्हणतात. आमच्या वऱ्हाडातली एटीव्ही ही अशी. अकोला-अमरावतीकडे जुलै महिन्यात कुठेही फिरा, एखाद्या तरी सोयाबीनच्या वावरात ती फटफटताना दिसते.

लोक तिचं इंजिन पाहतात, मागची पास पाहतात. मला लिहायचं आहे ते मधल्या भागाबद्दल. इंजिनाची ताकद ज्या चेनी, दातेरी चकत्या, शाफ्ट आणि खिट्ट्यांमधून चाकापर्यंत पोचते, तो भाग. आम्ही तो तीनदा बदलला. पहिल्यांदा घरीच, चुकत. दुसऱ्यांदा उस्तादांच्या हातून, बरोबर. तिसऱ्यांदा उस्ताद नव्हते, आणि पुन्हा चुकलो. या तिसऱ्या चुकीने मला हे लिहायला बसवलं आहे. कारण ती टाळता आली असती, फक्त कुणीतरी दोन आकडे आणि त्यांच्यामागचं कारण कागदावर लिहून ठेवायला हवं होतं.

आधी हे यंत्र आलं कुठून ते सांगतो. सोयाबीन असो की पऱ्हाटी, पावसाळ्यात दोन-तीनदा डवरणी लागतेच. मोठा ट्रॅक्टर ओळीत शिरत नाही. बैलजोडी लाखाच्या वर गेली आणि सालदार मिळेनासा झाला. त्यात २०१५ चा कायदा आला आणि थकलेला बैल विकण्याची वाट बंद झाली. पूर्वी शेतकरी म्हातारा बैल विकायचा, त्यात थोडी भर घालायचा आणि तरणा गोऱ्हा घेऊन यायचा. हे चक्र थांबलं. कुरेशी मोहल्ल्याचा धंदा बसला हे आपण पुष्कळ बोललो, बोलायलाच हवं होतं. पण त्याच काळात आमच्याकडच्या मिस्त्र्यांच्या गॅरेजपुढे शेतकरी भंगारातल्या मोटारसायकली घेऊन उभे राहू लागले, हे फारसं कुणी लिहिलं नाही. गुरांच्या बाजारात तुटलेली ओळख गॅरेजच्या दारात पुन्हा जुळली, असं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

मामूंची जोडी २०१६ मध्ये मोडली. मामेभावाने ठरवलं की मोटारसायकलचा डवरा घरीच करायचा. मी अमरावतीहून सुटीत गेलो, वेल्डिंग मशीन भाड्याने आणलं, आणि आठ दिवसांत आम्ही यंत्र उभं केलं. मागचं चाक काढून तिथे एक लोखंडी दांडा, दांड्याच्या दोन टोकांना दोन चाकं, दोन चाकांत दोन ओळींचं अंतर म्हणजे ९० सेंटिमीटर. इंजिनाची चेन थेट दांड्यावर. झालं यंत्र.

चाललं. पण कसं? पहिल्या गिअरमध्येही धावत सुटायचं. क्लच अर्धा दाबून हळू करावं तर दोन तासांत क्लचप्लेटा जळाल्याचा वास. (वऱ्हाडाबाहेरच्यांसाठी: तास म्हणजे इथे घड्याळाचा नाही, पिकाची ओळ. पण या प्रसंगी दोन्ही अर्थ खरे ठरले.) मामेभाऊ म्हणाला, इंजिन कमी पडतं, दीडशे सीसीचं टाकू.

जुन्या यंत्राची सुधारणा म्हटलं की बहुतेकांच्या मनात हेच येतं: मोठं इंजिन. ते चूक आहे. हिशोब अगदी साधा आहे. शंभर सीसीच्या इंजिनाची ताकद कागदावर सात अश्वशक्तीच्या आसपास, आणि बैलजोडीची साधारण एक. म्हणजे ताकद अर्धीच वापरली तरी उरते. अडचण वेगाची होती. आमच्या गाडीत पुढची चकती १४ दात्यांची, मागची ४२ ची. आतल्या गिअरांसह हिशोब केला तर पहिल्या गिअरमध्ये इंजिन सुमारे तीस वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा फिरतं. इंजिन मिनिटाला ४००० फेऱ्यांवर नीट श्वास घेतं. तेव्हा चाकाचे होतात १३०. चाकाचा घेर १.८८ मीटर. म्हणजे ताशी साडेचौदा किलोमीटर. बैल डवऱ्याला चालतो अडीच-तीनने. कोवळ्या सोयाबीनमधून साडेचौदाच्या वेगाने पास ओढली तर तण राहतं आणि पीक उपटून येतं.

वेग चौपट कमी करायचा, की ओढ आपोआप चौपट वाढते. त्यासाठी इंजिनाला हात लावायची गरज नाही, दाते बदलायचे. पण ४२ च्या जागी १६८ दात्यांची चकती लावली तर ती जमिनीलाच टेकेल. म्हणून मधे एक शाफ्ट बसवून दोन टप्प्यांत वेग उतरवायचा. एवढं आम्हाला कळलं होतं. आम्ही मधला शाफ्ट टाकला, त्यावर १० दात्यांची छोटी चकती, आणि पुढे तीच मोटारसायकलची चेन.

चेन दुसऱ्याच दिवशी तुटली. तुटलेली चेन मुकाट्याने खाली पडत नाही, ती चाबकासारखी येते. मामेभावाच्या पोटरीवर आजही तो वण आहे. कारण पुन्हा साधंच, पण आम्ही ते पाहिलं नव्हतं. पहिल्या टप्प्याने वेग एक तृतीयांश केला तेव्हा पीळ तिप्पट झाला, आणि तो तिप्पट पीळ आम्ही आणखी लहान चकतीवरून, त्याच बारीक चेनीवर टाकला. चेनीवरचा ताण चौपटीच्या पुढे गेला होता. ज्या आकड्याने पास ओढली जाते त्याच आकड्याने चेन तुटते.

दुसरी गोष्ट याहून वाईट. पुढच्या वर्षी धुऱ्यावर वळताना यंत्र पलटी झालं. मामेभाऊ बाजूला फेकला गेला म्हणून वाचला. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट बसवलेली, म्हणजे दोघांनी सारखंच फिरायचं. पण वळणात बाहेरच्या चाकाला जास्त चालावं लागतं. चाकांमध्ये ९० सेंटिमीटर अंतर असेल आणि पूर्ण उलटं वळायचं असेल, तर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा पावणेतीन मीटरहून जास्त चालतं. वळण लहान घ्या की मोठं, हा फरक तेवढाच राहतो. घट्ट दांडा हा फरक मान्य करत नाही. मग एक चाक घसरतं, यंत्र सरळच रेटत जातं, चालवणारा हँडल आणखी पिळतो, आणि पुढे एकच चाक असल्याने तोल कोपऱ्यावरून जातो.

हे फक्त आमच्या गावठी यंत्राचं दुखणं नाही. जपानच्या होंडा कंपनीने १९७० मध्ये रुंद टायरची तीन चाकी गाडी बाजारात आणली, पुढे एक चाक आणि मागे दोन, अगदी आमच्यासारखीच. अमेरिकेत ती शेतावर आणि मौजेसाठी खूप चालली. अपघातही तितकेच झाले, त्यांत मुलं पुष्कळ होती. शेवटी १९८८ मध्ये तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाशी कंपन्यांचा न्यायालयीन समझोता झाला आणि तीन चाकी गाड्यांची विक्री थांबली. आज एटीव्ही म्हटलं की चार चाकं डोळ्यांसमोर येतात, त्यामागे हाही इतिहास आहे. वऱ्हाडात तीन चाकांवर जो बसतो त्याने तो माहीत करून घ्यावा.

आता उस्ताद. बडनेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. त्यांचं नाव लिहीत नाही, घरच्यांना ते आवडणार नाही. चौथी नापास. उर्दू सही करण्यापुरती, मराठी बसची पाटी वाचण्यापुरती. आम्ही २०१९ मध्ये यंत्र टेम्पोत घालून त्यांच्याकडे नेलं. त्यांनी चहा मागवला, यंत्राभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, "ये तुमने बनाया? अल्ला ने बचाया तुमको."

मला वाटलं होतं ते ऑटोचा डिफरन्शियल टाकतील. वळणात दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारी ती गिअरांची पेटी. पुस्तकी उत्तर तेच आहे, आणि मी ते मोठ्या ऐटीत सुचवलंही. उस्तादांनी विचारलं, वावर कुठलं? मूर्तिजापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं, सांगितलं. ते हसले. त्या मातीला पाऊस लागला की ती लोण्यासारखी होते. डिफरन्शियलची खोड अशी की जे चाक घसरतं त्यालाच तो फिरवत बसतो, आणि ज्याला पकड आहे ते उभं राहतं. म्हणून तर ट्रॅक्टरला डिफरन्शियल लॉकचं पेडल असतं. वाफसा येण्याआधी घाई करून वावरात उतरणारा शेतकरी (आणि घाई करत नाही असा शेतकरी मी पाहिलेला नाही) अशा पेटीने जागच्या जागी रुतेल.

त्यांनी त्याहून स्वस्त आणि त्याहून बरोबर गोष्ट केली. दोन्ही चाकं दांड्यावर मोकळी फिरतील अशी बुशवर बसवली, आणि प्रत्येकाशेजारी दांड्यावर सरकणारी एक दातेरी कडी दिली. कडी आत सरकली की चाक दांड्याला बांधलं जातं, बाहेर आली की सुटतं. सायकलच्या ब्रेकची वायर लावून दोन्हीचे खटके हँडलवर आणले. सरळ तासात दोन्ही चाकं बांधलेली, त्यामुळे ओढ पूर्ण. धुऱ्यावर आलं की ज्या बाजूला वळायचं तिकडचा खटका दाबायचा, ते चाक मोकळं होतं आणि यंत्र त्याच्याभोवती शांतपणे फिरतं. पॉवर टिलरच्या दोन मुठींखाली हीच व्यवस्था असते. उस्तादांनी टिलर दुरुस्त केले होते, तिथून उचललं.

डिफरन्शियलपेक्षा खटका मागास आहे, असं एक अभियंता मित्र मला म्हणाला. मी त्याच्याशी सहमत नाही. कुठल्या मातीत, कुणाच्या हाताखाली, किती पैशांत, हे न विचारता सुचवलेली सुधारणा म्हणजे फक्त खर्च.

चेनीचंही त्यांनी बदललं. दुसऱ्या टप्प्याला बुलेटच्या जातीची जाड चेन, तिच्यावर पत्र्याचं जाड कव्हर. मधल्या शाफ्टवरची छोटी चकती १० ची काढून १३ ची केली, कारण फार कमी दात्यांवर चेन कोपऱ्यात वाकल्यासारखी वळते आणि लवकर खाते. मागे त्यांनी ५३ ची बसवली. वेग आला ताशी ३.६ किलोमीटर. मामू शेजारून चालत गेले आणि म्हणाले, "हा आपल्या ढवळ्याचा चाल आहे."

इंजिन तापण्याचा प्रश्न मात्र अर्धाच सुटला. मोटारसायकलचं इंजिन वाऱ्यावर थंड होतं, आणि डवऱ्याच्या चालीला वारा कुठला? जुन्या मागे इंजिन असलेल्या ऑटोंना म्हणूनच पंखा आणि त्याभोवती पत्र्याचं आवरण असायचं. मामेभावाने मोटारीच्या रेडिएटरचा विजेचा पंखा आणला होता, त्याने तासाभरात बॅटरी बसायची. शंभर सीसीच्या गाडीचं मॅग्नेट तेवढी वीज देतच नाही. उस्तादांनी इंजिनाच्याच शाफ्टवरून फिरणारा छोटा पंखा बसवला. तो बरा चालतो, पण मे महिन्यातल्या वखरणीसाठी आजही हे यंत्र वापरू नये असं माझं मत आहे.

परत त्या ५३ कडे येतो. पहिला टप्पा तिप्पट, दुसरा चौपट, म्हणजे ५२ हा सरळ आकडा होता. ५३ का? मी विचारलं तेव्हा उस्ताद म्हणाले, "ताक रखो भैया, जुफ्त नै." मराठी वाचकांनी ताक म्हणजे मठ्ठा समजू नये. उर्दूत ताक म्हणजे विषम, जुफ्त म्हणजे सम. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांतल्या ताक रातींमध्ये आपण शबे-कद्र शोधतो, तो ताक. मला वाटलं, उस्तादांनी श्रद्धेपोटी आकडा विषम ठेवला. मनातल्या मनात मी थोडा हसलोही. मग गाडीच्या मूळच्या १४ आणि ४२ चं काय, असंही मी चिडवलं. "वो डिब्बे में बंद है, उसको मिट्टी नै लगती," एवढंच उत्तर मिळालं. ५३ हा आकडा कशानेच भागला जात नाही, त्यामुळे लेथवर असे समान दाते पाडणं जिकिरीचं असतं. उस्तादांनी कागदाची एक लांब पट्टी चकतीच्या घेराएवढी कापली, तिचे ५३ भाग केले, ती चकतीभोवती चिकटवली आणि खुणांवर पंच मारला. दोन दिवस कानस चालली. एका विषम आकड्यासाठी दोन दिवस!

२०२१ च्या फेब्रुवारीत करोनाची दुसरी लाट अमरावतीत इतरांच्या आधी आली. उस्ताद त्यात गेले. गॅरेजच्या शटरच्या आतल्या बाजूला खडूने लिहिलेले आकडे होते, कुणाच्या गाडीला काय लावलं त्याचे. मुलाने जागा सोडली, नव्या भाडेकरूने शटरला रंग दिला.

मागची चकती २०२२ मध्ये एका दगडावर आपटून वाकली. नवी करायला आम्ही दुसरीकडे गेलो. लेथवाला चांगला कारागीर होता. त्याने जुनीचे दाते मोजले आणि म्हणाला, पहिल्याने चुकून एक जास्त पाडलाय, ५२ करतो, बरोबर चौपट होईल. आम्हाला पटलं. चेन जुनीच ठेवली. दोन हंगामांनंतर चकती काढली तर एक दाता सोडून एक दाता झिजलेला. एक टोकदार, एक शाबूत, एक टोकदार, एक शाबूत, अशी सगळी चकती.

तेव्हा कुठे मी चेन हातात घेऊन नीट पाहिली. चेनीत दोन प्रकारच्या कड्या आळीपाळीने येतात, एक आतली, एक बाहेरची. म्हणून कड्यांची एकूण संख्या नेहमी सम. चेन जुनी झाली की ती सगळीकडे सारखी लांबत नाही, एक कडी सोडून एक लांबते. चकतीचे दाते सम असले तर ज्या दात्याच्या वाट्याला एकदा लांबलेली कडी आली त्याला जन्मभर तीच जात येते. दाते विषम असले की दर फेरीला जोडी बदलते आणि झीज सगळ्यांत वाटली जाते. चेन बनवणाऱ्या कंपन्यांच्या माहितीपुस्तिकांतही चकत्यांना विषम दाते ठेवण्याची शिफारस असते, विशेषतः छोट्या चकतीला. बंद डब्यात चेनीला चिखल-माती लागत नाही, झीज कमी, तिथे १४-४२ चालून जातं. वावरात नाही. उस्तादांचं एकेक वाक्य बरोबर होतं. हसण्यासारखा मी होतो.

लेथवाल्याला मी दोष देत नाही. त्याच्यापुढे एक चकती होती, तिच्यामागचं कारण नव्हतं.

आपल्यात इलम हा शब्द फार मोठा आहे. त्याच्यावर तकरीरी होतात, जलसे होतात. पण हुनर म्हटलं की सूर खाली येतो. मुलगा शाळेत रमला नाही तर आपण म्हणतो, "गॅरेज में डाल दिया." टाकला! जसं काही कुठे फेकून दिलं. सच्चर समितीने २००६ मध्ये दाखवलंच होतं की मुसलमान पगारी नोकरीपेक्षा स्वतःच्या छोट्या धंद्यात जास्त आहेत. त्या अहवालाचा दाखला आपण नेहमी वंचिततेसाठी देतो आणि ते योग्यच आहे. पण त्या छोट्या धंद्यांत जे ज्ञान साचलं आहे त्याचं काय करायचं, हा प्रश्न आपण स्वतःला विचारत नाही. कुरआनात दाऊद अलैहिस्सलाम यांच्यासाठी लोखंड मऊ केल्याचा आणि चिलखताच्या कड्या मापात जुळवण्याचा उल्लेख सूरह सबामध्ये येतो. नबीच्या हातात हातोडा आहे, आणि तिथे मापाची गोष्ट चालली आहे. हे जुम्म्याच्या बयानात मी क्वचितच ऐकलं.

आणि लिहिण्याची परंपरा आपल्यात नव्हती असंही नाही. दियारबकिरच्या अर्तुकी दरबारात काम करणाऱ्या अल-जजरीने १२०६ मध्ये पन्नास यंत्रांचा ग्रंथ पुरा केला. पाणी उपसणारी यंत्रं, घड्याळं, दातेरी चाकं. त्याचं मोठेपण मला शोधांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीत दिसतं. प्रत्येक यंत्राची आकृती, माप, जोडणीचा क्रम त्याने असा लिहिला की वाचणाऱ्या कारागिराला ते पुन्हा उभं करता यावं. आठशे वर्षांनंतर लोक त्यावरून यंत्रं बनवून पाहतात. आमच्या उस्तादांचं शटर एका उन्हाळ्यात पुसलं गेलं.

जवळचं उदाहरण हवं असेल तर गुजरातचं घ्या. अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगानींनी १९९४ च्या सुमारास बुलेट मोटारसायकलला मागे दोन चाकं आणि अवजारं लावून 'बुलेट सांती' केली. आमच्या यंत्राची ती थोरली बहीण. तिला भारतात आणि अमेरिकेत पेटंट मिळालं. जगानींची हुशारी निर्विवाद आहे, पण तेवढ्याने पेटंट मिळत नाही. हनी बी नेटवर्क आणि पुढे राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान यांची माणसं गावात गेली, मापं घेतली, कागद केला. वऱ्हाडात असा कागद करणारे हात कमी पडले. आपण लोक येण्याची वाट का पाहावी? अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून आहे, तिथे कृषी अभियांत्रिकी शिकवली जाते, डिसेंबरात कृषी प्रदर्शन भरतं. एखाद्या मिस्त्र्याने आपलं यंत्र मापांच्या कागदासह तिथे नेलं तर त्याला निदान ऐकणारा माणूस भेटेल. नुसतं यंत्र नेलं तर ते गंमत म्हणून पाहिलं जाईल.

कागद म्हटलं की आणखी एक कागद आठवतो, आणि त्याबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. अशा यंत्रांसाठी जुन्या गाड्या लागतात आणि जुन्या गाड्यांचे कागद बहुतेकदा हरवलेले असतात. शेतकरी म्हणतो, "राहू द्या ना भाऊ, वावरातच चालवायची आहे." मिस्त्री भिडेपोटी हो म्हणतो. उद्या चौकशी झाली तर शेतकऱ्याला घरी जाऊ देतात आणि गॅरेजवाल्याला ठाण्यात बसवतात. उस्तादांना एकदा दिवसभर असं बसवलं होतं. गाडी चोरीची नव्हती हे संध्याकाळी सिद्ध झालं, दिवस मात्र गेला आणि मोहल्ल्यात कुजबुज उरली. आपल्या नावाच्या माणसाला हा धोका जास्त आहे, हे उगाच झाकून ठेवण्यात अर्थ नाही. म्हणून मी प्रत्येक ओळखीच्या मिस्त्र्याला सांगतो: आरसी बुक आणि विक्रीचा सहीचा कागद नसेल तर गाडीला पाना लावू नका. ओळख असली तरी नाही.

रस्त्याचंही तसंच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं आहे. दंड आणि कैद दोन्हींची तरतूद आहे, विमाही मिळणार नाही. अमरावती-अकोला रस्त्याचा ७५ किलोमीटरचा डांबरी थर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत टाकून विश्वविक्रम झाला, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. तिथे ट्रक शंभरने जातात. त्या रस्त्यावर ताशी ३.६ चं यंत्र आणणं कायद्याच्या आधी अकलेनेच बंद करावं. शेताबाहेर न्यायचं तर टेम्पोत घालून. (त्या रस्त्याचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ आहे. उस्ताद असते तर म्हणाले असते, देखो, सरकार भी ताक रखती है.)

यंदा मी एक शंभर पानी वही घेतली आहे. डाव्या पानावर आकृती, उजव्या पानावर माप आणि कारण, मराठीत. गॅरेजमधले शब्द जसे बोलतात तसेच ठेवले आहेत. मामेभावाचा मुलगा नववीत आहे, हात चांगला चालतो आणि गणितात मागे आहे असं शाळा म्हणते. आकृत्या तो काढतो. परवा त्याला विचारलं, पुढे १३ आणि मागे ५३ असताना इंजिनाकडची चकती १४ ऐवजी १५ ची केली तर वेग किती होईल? वहीच्या मागच्या पानावर त्याने गुणाकार-भागाकार केला आणि ३.८५ सांगितलं. मग स्वतःच म्हणाला, पण मग मे महिन्यात जास्त तापेल का कमी?

हे मला सांगता आलं नाही. वेग वाढला तर काम लवकर उरकेल, पण इंजिनावर भार वाढेल. पंख्याच्या पानावर तो प्रश्न लिहून ठेवला आहे. ५३ ची चकती मात्र झाली. कागदाची पट्टी कापून, ५३ भाग करून, पंच मारून. मुलाने कानस धरली, मला जमली नाही. या वेळी पट्टी फेकली नाही, वहीत चिकटवली आहे.